वजनाचं ऑपरेशन, विम्याची फाइल आणि लोकांचं बोलणं

24 जून 2025 ला नाशिकमध्ये माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात त्याला. दुर्बिणीतून जठराचा पाऊण भाग, किंवा थोडा जास्तच, कापून काढतात आणि उरलेल्याची एक अरुंद नळी राहते. ठरवण्यापासून टाके वाळेपर्यंत मला जे विचारायचं होतं, त्याची उत्तरं मराठीत फारशी सापडली नाहीत. सापडले ते एक तर जाहिरातीतले 'आधी-नंतर'चे फोटो, नाही तर दुधीच्या रसाचे व्हिडिओ. म्हणून हे सविस्तर लिहितेय. दवाखान्याचं आणि विमा कंपनीचं नाव देणार नाही, आणि हे ऑपरेशन करून घ्या असंही सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनी बघायचं.

माझं वय 44. अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते, घर सिडकोत. नोव्हेंबर 2024 च्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत उंची 158 सेंटिमीटर, वजन 96 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) साडेअडतीस. आपल्याकडचे डॉक्टर 23 च्या वर जादा वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, तेव्हा मी कुठे होते ते कळेलच. मधुमेहाच्या तीन गोळ्या चालू असताना एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 9.4. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कागदावरून नजर न काढता सांगितलं, "वजन कमी करा मॅडम, सगळं ठीक होईल," आणि पुढच्याला हाक मारली.

त्याच दिवाळीत माझ्या धाकट्या भावालाही मधुमेह निघाला. त्याचं वजन 61, पँट कमरेला थांबत नाही. त्याचं एचबीएवनसी 8.8. घरात त्याच्यासाठी काय बोलणं झालं? "बिचारा, कामाचं टेन्शन किती. वडिलांचंच आलं ते." माझी साखर त्याच वडिलांची. पण माझ्या वेळी मावशी म्हणाली होती, "तोंडावर ताबा नको का?" भाऊ रविवारी मित्रांबरोबर मिसळ खायला जातो, वर पाव दोनदा मागवतो. त्याला जबाबदारीबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही. विचारावं असं मला वाटतं असंही नाही. फक्त हा हिशेब मनात राहिला.

डिसेंबरमध्ये गंगापूर रोडच्या एका एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे, गेले. फी 900 रुपये, नंबर लावूनही दोन तास बसावं लागलं. त्यांनी काय खाता हे विचारलंच नाही आधी. कुठल्या वर्षी किती वजन होतं ते विचारत गेले आणि कागदावर रेघ काढत गेले. लग्नाच्या वेळी 58. पीसीओडी निघाला तेव्हा 66. दुसऱ्या बाळंतपणानंतर 79. मग आहारतज्ज्ञ, 71. दीड वर्षाने 83. मग ते दोन वेळा जेवायचं आणि 55 मिनिटांत उरकायचं, नऊ किलो उतरले. सासूबाईंच्या आजारपणात सगळं परत आलं, वर थोडं अधिक. रेघ खाली यायची आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा वर जायची.

मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत भराभर वजन उतरवलेल्या 14 जणांचा अभ्यास 2016 मध्ये छापून आला. सहा वर्षांनी बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि त्यांच्या आकारमानाच्या माणसाचं शरीर विश्रांतीत जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे वजन उतरवलं की शरीर खर्च आखडतं आणि भूक वाढवतं. दुसरी गोष्ट आपल्या पुण्याची. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. म्हणजे बारीक दिसणाऱ्याच्याही अंगात चरबी जास्त असू शकते. भावाचं कोडं मला त्या दिवशी सुटलं.

मी खुश झाले. म्हटलं, म्हणजे माझी काही चूक नाही. ते म्हणाले, "चूक कोणाची ते मला ठरवायचं नाहीये. पुढचे सहा महिने काय करायचं ते लिहू." कागदाच्या मधोमध उभी रेघ मारून एका बाजूला 'तुम्ही', दुसऱ्या बाजूला 'आम्ही'. माझ्या बाजूला: रोज चालणं, खाल्लेलं लिहून ठेवणं, झोपेची तपासणी करून घेणं. त्यांच्या बाजूला: वजन वाढवणारी साखरेची गोळी बदलणं, दर महिन्याला भेट, सर्जनला चिठ्ठी. साखरेच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं हे मला माहीतच नव्हतं. तुमच्या चालू असतील तर एकदा विचारून घ्या. मनाने मात्र बंद करू नका.

जानेवारीत घरीच झोपेची तपासणी झाली, 7,500 रुपये. छातीला पट्टा, नाकात नळी, बोटाला चिमटा. एका तासात 41 वेळा श्वास अडत होता किंवा अगदी उथळ होत होता. 30 च्या वर तीव्र समजतात. म्हणजे दुपारी तीनला जीएसटीचं रिटर्न भरताना मान पडायची, ती आळसाने नव्हे. ऑफिसात माझं नाव काय पडलं होतं ते लिहीत नाही. सीपॅपचं मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वास अडू न देणारं, महिना 3,000 रुपये भाड्याने घेतलं. पहिले काही दिवस मास्क काढून फेकावासा वाटतो, तेवढे दिवस कळ काढा. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ त्याबद्दल विचारतातच.

चालण्याबद्दल. सिडकोत फुटपाथवर गाड्या लागलेल्या, म्हणून पहाटे नवरा गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सोडायचा. जानेवारीतली नाशिकची थंडी, स्वेटर घालून मी आणखीच रुंद दिसत असणार. मागून येणारी दोन पोरं म्हणाली, "काकू, आता आठवण झाली होय!" घरी बसलं तर आळशी, बाहेर पडलं तर करमणूक. एक आजोबा मात्र रोज हात वर करून "नमस्कार" म्हणायचे आणि पुढे जायचे. वजनावर एक शब्द नाही. त्यांच्यामुळे मी फेब्रुवारीपर्यंत टिकले, असं म्हटलं तरी चालेल.

23 फेब्रुवारीला पंतप्रधान 'मन की बात'मध्ये लठ्ठपणावर बोलले, खाण्याचं तेल दहा टक्के कमी करा म्हणाले. सल्ला चांगलाच आहे. पण संध्याकाळपर्यंत तो मला आमच्या भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि खासगीत, सगळीकडून आला. ज्यांनी पाठवला त्यांच्या घरात तेलाचा डबा किती दिवसांत संपतो, कोण जाणे. देशाच्या आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 च्या, जवळजवळ चौथा हिस्सा बायका आणि तितकेच पुरुष जादा वजनाचे निघाले. ग्रुपवर आम्ही 60 जण आहोत. निरोप मला एकटीला नसावा.

मार्चमध्ये दोन पर्याय समोर आले. वजन आणि साखर उतरवणारं टर्झेपटाइडचं इंजेक्शन, म्हणजे माउंजारो, त्याच महिन्यात भारतात आलं. 5 मिलिग्रॅमची कुपी तेव्हा 4,375 रुपये, आठवड्याला एक, आणि बंद केलं की वजन बहुधा परत येतं. माझा विमा त्याचे पैसे देणार नव्हता. ऑपरेशनचे देऊ शकत होता. माझा निर्णय इतक्या रोकड्या कारणाने झाला. सर्जनने स्लीव्ह आणि बायपास (जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडतात ते) दोन्ही समजावलं. मला छातीत जळजळीचा त्रास नव्हता म्हणून स्लीव्ह. अंदाजपत्रक 3,40,000.

एप्रिल तपासण्यांत गेला: रक्त, थायरॉइड, बी 12, ड जीवनसत्त्व, सोनोग्राफी, टूडी एको, फुप्फुसांची क्षमता, एंडोस्कोपी. मिळून 23,000 च्या आसपास. एंडोस्कोपीत एच. पायलोरीचा जंतू निघाला, दोन आठवडे गोळ्या, तारीख पुढे. मानसोपचारतज्ज्ञांचीही भेट असते. घाबरू नका, वेडं ठरवायला नसते ती. रात्री उठून खाता का, रडू आल्यावर खाता का, घरात कोण मदत करेल, असं विचारतात. एका लॅबमध्ये बीपी घेताना दंडाला गुंडाळायचा पट्टा, म्हणजे कफ, पुरेना, तर तिथली मुलगी पॅसेजमधून ओरडली, "अरे, तो जाड्या पेशंटचा कफ आण!" रांगेतले सगळे बघायला लागले. पुढच्या ठिकाणी मी बसल्या बसल्याच सांगितलं, मोठा कफ लागेल. तुम्हीही सांगा, लहान कफने बीपी खोटं जास्त दाखवतं.

आता विमा. हे नीट वाचा.

बऱ्याच जणांना वाटतं की लठ्ठपणाचं ऑपरेशन विम्यात बसतच नाही. विमा नियामकाने 2019 मध्ये वगळलेल्या गोष्टींची एकसारखी भाषा ठरवून दिली, त्यात हे ऑपरेशन सरसकट वगळलेलं नाही. अटींत न बसणारं वगळलंय. अटी अशा: डॉक्टरांनी सांगितलेलं हवं, वैद्यकीय निकषांना धरून हवं, वय 18 पूर्ण हवं, आणि बीएमआय 40 किंवा जास्त हवा. 35 ते 40 मध्ये असाल तर जोडीला लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह यांपैकी एक हवा, आणि साध्या उपायांनी वजन कमी झालेलं नसावं. माझी कंपनीची ग्रुप पॉलिसी, त्यामुळे प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर काही उपचारांसाठी थांबावं लागतं तो, नव्हता. स्वतःची पॉलिसी असेल तर तो आधी बघा, दोन-तीन वर्षांचा असू शकतो.

मे महिन्याच्या सुरुवातीला दवाखान्याने कॅशलेसची विनंती पाठवली. दोन दिवसांत उलट विचारणा: साध्या उपायांनी वजन कमी न झाल्याचे कागद जोडा. वीस वर्षं मी ऐकत आले की तू प्रयत्नच करत नाहीस. आता प्रयत्न केल्याचा, आणि तो फसल्याचा, पुरावा मागत होते. उपाशी राहण्याची पावती मिळत नाही. पहाटेचं जिरेपाणी, सोळा सोमवार, योगाच्या बाईंचे रोख दिलेले पैसे, कशाचाच कागद नाही. नवऱ्याने माळ्यावरून बॅगा काढल्या. नाशिकमधल्याच कॅनडा कॉर्नरच्या आहारतज्ज्ञांची 2016 ची फाइल सापडली, जिमची 2019 ची पावती सापडली. सगळ्यात उपयोगी पडले ते कंपनीच्या दरवर्षीच्या तपासणीचे कागद, कारण त्यांत वजन तारखेसकट होतं. एचआरच्या ताईंनी जुन्या प्रती काढून दिल्या. डॉक्टरांची ती रेघ त्यांनी लेटरहेडवर पत्र करून दिली. ज्यांना पुढेमागे हे करायचंय त्यांनी आजपासून प्रत्येक चिठ्ठीवर वजन लिहून घ्या.

19 मेला मेसेज आला: नामंजूर, लठ्ठपणावरील उपचार पॉलिसीबाहेर. मी दवाखान्यातल्या टीपीए डेस्कसमोरच्या, म्हणजे विम्याचे कागद बघतात तिथल्या, खुर्चीत बसून राहिले. तिथला मुलगा, वय असेल पंचवीस, म्हणाला, "मॅडम, होतं असं. नकार लेखी मागा, कलमाच्या नंबरसकट. मग त्याच कलमावर उत्तर द्या." तसंच केलं. कलमातली एकेक अट, तिच्यासमोर कुठल्या पानावर कुठला रिपोर्ट. झोपेच्या रिपोर्टमधला 41 चा आकडा, गोळ्या चालू असतानाचे एचबीएवनसीचे तीन रिपोर्ट. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, आमच्या एचआरला प्रत. तिथून फोन आला तेव्हा पलीकडच्या बाईंनी विचारलं, "हे दिसण्यासाठी नाही ना करत आहात?" झोपेत अडणारा श्वास कुणाला दिसतो, हे उत्तर फोन ठेवल्यावर सुचलं. इथेही नाहीच झालं, तर विमा नियामकाचं तक्रारीसाठीचं बिमा भरोसा पोर्टल आहे, आणि त्यापुढे विमा लोकपाल. आपल्या नाशिकसाठी ते पुण्यात बसतात; फी नाही, वकील लागत नाही. मला तिथवर जावं लागलं नाही. 6 जूनला मंजुरी आली.

10 जूनपासून दोन आठवडे पातळ आहार, यकृत आक्रसावं म्हणून. योगायोगाने त्याच दिवशी वटपौर्णिमा. वडापाशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "उपास मानवतो हो तुला, चेहरा उतरलाय." मी हसले. प्रोटीन शेक, ताक, गाळलेलं सूप. तिसरा-चौथा दिवस वाईट, डोकं दुखतं, मग निभतं.

दवाखान्यात भरती होताना वॉर्डच्या सिस्टरने विचारलं, "काट्याकडे पाठ करून उभं राहायचंय? आकडा मी लिहून घेते, मोठ्याने नाही सांगत." एवढं वजन करून घेतलं आजवर, हे कुणी विचारलं नव्हतं. ऑपरेशन दीड तासाचं. शुद्ध आल्यावर पोटापेक्षा खांदा दुखत होता, पोटात भरलेल्या गॅसमुळे. संध्याकाळी चालवलं की कमी होतं. श्वासाच्या व्यायामासाठी तीन छोट्या चेंडूंचं यंत्र देतात, त्यात फुंकण्याचा, म्हणजे खरं तर श्वास ओढण्याचा, कंटाळा करू नका. 27 ला सुट्टी. शेवटची मंजुरी तीन तासांत द्यावी असा नियामकाचा 2024 चा आदेश आहे. मी सकाळी अकराला कपडे बदलून बसले आणि संध्याकाळी सहाला निघाले. बिल 3,58,000. विम्याने 3,16,000 दिले. हातमोजे, फाइल, असल्या वस्तू आणि खोलीच्या भाड्यातला फरक आमच्याकडून गेला. खोली पॉलिसीच्या मर्यादेतलीच घ्या, नाही तर बाकीची बिलंही त्या प्रमाणात कापतात. आधीच्या तपासण्यांचे भरतीपूर्व 30 दिवसांतलेच पैसे मिळाले.

आषाढी 6 जुलैला होती. घरात साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, आणि मी डाळीच्या पाण्याची वाटी अर्धा तास पुरवत होते. नंतर मऊ खिचडी, मग पनीर, अंडं. घास चावून चावून जबडा दुखतो. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. रोज 60 ग्रॅमच्या वर प्रोटीन पोटात जायला हवं, आणि पोटात जागाच नसते. गणपतीत उकडीचा मोदक अर्धा खाल्ला आणि तृप्त झाले. सासूबाईंना वाटलं, बिघडलाय. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केस मुठीने गळले. हे होतं, सांगितलेलं असतं, तरी न्हाणीघरात रडू येतंच. नोव्हेंबरमध्ये थांबलं.

याच काळात, जुलैत, सरकारी कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावण्याची बातमी आली आणि ऑफिसात 'समोसा-जिलेबीवर बंदी' म्हणून पसरली. कुणीतरी माझ्या टेबलाकडे बघत वाचून दाखवली. फलकाला माझा विरोध नाही. कॅन्टीनमध्ये भजीला पर्याय ठेवा, असं मी एचआरला लिहून दिलं होतं, उकडलेली अंडी आणि मटकीची उसळ सुरू झाली, आणि संपूही लागली. त्यात सगळ्यात आधी डबा पुढे करणारा माझ्यावर हसणाराच होता.

दुसऱ्या टोकाचं बोलणंही मला पटत नाही. एक मैत्रीण म्हणाली, "तू आहेस तशी सुंदर आहेस, कशाला कापाकापी?" प्रेमाने म्हणाली. पण रात्री मशीन लावून मी झोपत होते, ती नव्हे. आणि 'हा आजार आहे, आपल्या हातात काही नाही' हेही खरं नाही. हातात रोजचं बरंच आहे, फक्त वजन कुणाच्या चुकीने वाढलं याचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. माझी आहारतज्ज्ञ दर भेटीला विचारते, "या महिन्यात अवघड काय गेलं?" मी खरं सांगते. ती "का खाल्लंस?" म्हणाली असती, तर मी खोटं सांगितलं असतं. मावशीला वीस वर्षं खोटंच सांगितलंय.

डिसेंबरमध्ये सहा महिन्यांची तपासणी झाली. वजन 71, एचबीएवनसी एका गोळीवर 6.1, झोपेत श्वास अडणं तासाला नऊ वेळांवर आलं, मशीन परत केलं. गुडघे बोलत नाहीत. दंडाची कातडी लोंबते, ती लोंबणार.

जानेवारीत भाचीच्या लग्नात सगळे विचारत होते, "कसं कमी केलंस? काय खातेस?" मी ऑपरेशन सांगते, लपवत नाही. त्यावर चेहरे पडतात. "अच्छा, ऑपरेशन. मग काय, सोपं आहे." वजन वाढलं ते माझ्यामुळे, उतरलं ते डॉक्टरमुळे. मावशी तिथेच होती. तिने ताटात जिलेबी वाढली आणि लगेच म्हणाली, "चालते ना तुला?" मी एक तुकडा घेतला, बाकीची भावाच्या ताटात टाकली. त्याचं एचबीएवनसी परवा 8.9 आलं, त्याला मी त्याच एंडोक्रिनॉलॉजिस्टचा नंबर दिलाय. तो अजून गेलेला नाही.

माझ्या रक्तात लोह कमी आलंय. गोळ्या वाढवल्यात, त्या आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचे नाहीत, मध्ये दोन तास ठेवायचे. जीवनसत्त्वं आणि प्रोटीन पावडर मिळून महिना चार हजारांच्या घरात जातात, आणि जीवनसत्त्वं जन्मभर. अंदाजपत्रकात हा खर्च कुणी धरत नाही, तुम्ही धरा.